लाभ कोणाचा?

खळ्यावर धान्याची रास पडली आणि माप सुरू झाले, म्हणजे पहिली पायली ओतताना मोजणारा मनुष्य "एक" असे म्हणत नसे. तो "लाभ" असे म्हणे, आणि मग "दोन, तीन, चार" असा पुढे जाई. आपल्या पुष्कळ गावांत ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता मळणीयंत्र शेतातच पोती भरून देते, आणि पोते विजेच्या काट्यावर चढविले की लाल आकडे आपोआप उमटतात. त्यामुळे हा शब्द लहान मुलांच्या कानी क्वचितच पडतो. तथापि ज्यांनी तो ऐकला आहे, त्यांस त्यातील गोडी ठाऊक आहे. वर्षभराच्या कष्टाचे फळ मोजावयाचे, तर आरंभ कोरड्या आकड्याने का करावा? शुभ शब्दाने करावा, हा त्यातील हेतू.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या घरची रास मोजली जात होती. मी आजोबांना विचारले, "आजोबा, तुम्ही लाभ म्हणता, तो कुणाचा? देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा?" आजोबा क्षणभर थांबले. पायलीच्या काठावरचे दाणे त्यांनी तळहाताने सारखे केले आणि म्हणाले, "माप कुणाच्या हातात आहे ते बघत जा, म्हणजे कळेल." एवढे बोलून ते पुन्हा मोजू लागले. त्या उत्तराचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, आणि तोही माझ्याच एका चुकीमुळे, तो थोडाफार कळला. वाचकांपुढे आज तोच विषय मांडावयाचा आहे.

प्रथम मापांविषयीच दोन शब्द बोलू. आपल्या वाडवडिलांची धान्याची मापे मोठी व्यवस्थित होती. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी ती एकापुढे एक लागत, आणि प्रत्येक माप आपल्या आधीच्या मापाच्या दुप्पट असे. चार शेरांची पायली होई, आणि वीस मणांची खंडी. परंतु या व्यवस्थेत एक मोठे व्यंग होते. पायली चार शेरांची खरी, पण शेर केवढा? एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालत नसे. कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. मण किती पायल्यांचा, याचेही उत्तर मुलखागणिक बदले. या गोंधळात नडला जाई तो गरीब. कारण ज्याला कोष्टक ठाऊक नाही त्याने कोष्टक ठाऊक असणाऱ्यावर विश्वास ठेवावा, यावाचून गत्यंतर नसे.

हा गोंधळ मिटविण्यासाठी सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला, आणि १९५८ च्या ऑक्टोबरापासून किलोग्रॅम व्यवहारात आणण्यास प्रारंभ झाला. सध्या २००९ सालचा वैधमापनशास्त्र कायदा लागू आहे. दुकानातील लोखंडी वजन उलटे करून पाहावे. त्याच्या पोटात एक खळगा असतो, त्यात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का मारलेला असतो. अशी वजने दर दोन वर्षांनी आणि विजेचे काटे दर वर्षी तपासून घ्यावे लागतात. ही व्यवस्था उत्तम आहे. तिच्यामुळे लबाडी पुष्कळ आटोक्यात आली, यात शंका नाही.

परंतु शिक्का वजनावर मारता येतो. हातावर मारता येत नाही. ज्याने पायलीने धान्य मोजलेले पाहिले आहे त्यास हे समजावून सांगण्याचे कारण नाही. एकच खरी पायली घ्यावी. तीत धान्य उंचावरून ओतावे आणि मधून मधून तिला हादरा द्यावा, म्हणजे दाणा दाण्याला चिकटून बसतो व पायलीत पुष्कळ मावते. तीच पायली राशीत हलकेच बुडवून अलगद उचलावी, म्हणजे दाणे सैल राहतात व थोडक्यात ती भरते. काठावरून पट्टी फिरविली तर माप सपाट होते. तळहात फिरविला तर हाताच्या पन्हाळीप्रमाणे मूठ-दोन मुठींचा फरक पडतो. माप तेच, धान्य तेच, मोजणाराही तोच. तरी घेतानाची पायली व देतानाची पायली यांत अंतर पडते. मोजणाऱ्यास विचारावे तर तो माप पालथे करून दाखवील आणि म्हणेल, "पाहा, कोठे खोटे आहे?" आणि माप खरोखरच खोटे नसते.

फार प्राचीन काळापासून शहाण्या लोकांनी दोष ओळखला तो नेमका हा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे, आणि पाण्याने वाढणार नाहीत व उष्णतेने घटणार नाहीत अशा पदार्थांची वजने असावीत असा दंडक घातला आहे. परंतु इतर काही जुने नियम याहून खोल जातात. बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, लहान मापाने कर्ज देऊन मोठ्या मापाने वसूल करणाऱ्या सावकाराचे दिलेले धन बुडते. पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात एका पिशवीत दोन प्रकारची वजने आणि एका घरात दोन प्रकारची मापे बाळगण्यास मनाई केली आहे. कुराणाच्या त्र्याऐंशीव्या अध्यायाला तर नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे, आणि त्यात निषेध आहे तो स्वतः घेताना पुरेपूर घेऊन दुसऱ्यास देताना कमी करणाऱ्यांचा. देश निराळे, काळ निराळे, धर्म निराळे. पण सर्वांनी बोट ठेवले ते एकाच जागी. खोटे माप वाईट हे तर उघडच आहे; त्याहून वाईट व ओळखण्यास कठीण असा दोष म्हणजे दोन मापे.

मग प्रश्न असा उभा राहतो: ज्या मनुष्यापाशी दोन मापे आहेत, त्यास ती दिसत का नाहीत? तो सर्वच वेळी लुच्चा असतो असे नाही. पुष्कळदा तो शेजाऱ्यांत भला म्हणून ओळखला जातो, आणि स्वतःला तर तो निश्चितच भला समजतो. याचे उत्तर दुसऱ्याच्या घरात शोधण्यापेक्षा मी माझ्या घरात शोधतो.

काही वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या बाजारातील एका किराणा दुकानातून सामान घेऊन पायी घरी आलो. दुकान आमच्या घरापासून अडीच किलोमीटरांवर. घरी येऊन पैसे मोजले, तो वीस रुपये कमी भरले. भर दुपारची वेळ होती, तरी मी पाणीसुद्धा न पिता तसाच परत गेलो. "गोष्ट वीस रुपयांची नाही, सचोटीची आहे," असे मी वाटेने मनाशी म्हणत होतो. दुकानदाराने हिशेब पाहिला, चूक कबूल केली, आणि पैसे दिले. माझ्या मनाला मोठे समाधान वाटले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्याच दुकानातून मी सामान आणले, आणि या वेळी घरी येऊन मोजले तो पन्नास रुपये जास्त भरले. वाचकहो, दुकान तेच होते, वाट तीच होती, आणि दिवसही त्या मानाने थंडीचा होता. पण या खेपेस ते अडीच किलोमीटर मला फार लांब वाटले. मी म्हटले, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी काम निघाले. तिसऱ्या दिवशी मनात असा विचार आला की, एवढ्या मोठ्या दुकानदाराला पन्नास रुपये ते काय? चौथ्या दिवशी त्याहून चतुर विचार आला: मागे त्याच्याकडून वीस रुपये कमी आले होते, मोजून पाहिले नाही अशा आणखी किती वेळा कमी आले असतील कोण जाणे! म्हणजे चार दिवसांत मी ऋणकोचा धनको होऊन बसलो, आणि त्याकरिता मला एकही खोटे वाक्य उच्चारावे लागले नाही.

पाचव्या दिवशी दुसऱ्या कामासाठी बाजारात जाणे झाले, तेव्हा मी दुकानात शिरलो व पन्नासाची नोट पुढे ठेवली. दुकानदार नोटेकडे पाहत राहिला. मग त्याने आतल्या बाजूस पोती रचीत असलेल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हाक मारली. त्या दिवशी गल्ल्यावर तो मुलगा बसला होता. रात्री हिशेबात पन्नास रुपये कमी भरले, ते त्याच्या पगारातून कापण्यात आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यास गल्ल्यावरून उठवून पोत्यांकडे लावण्यात आले. दुकानदाराने पन्नास रुपये त्याच्या हातावर ठेवले. मुलाने ते घेतले, माझ्याकडे एकवार पाहिले, व काही न बोलता तो पुन्हा पोत्यांकडे गेला.

पैसे परत झाले. पण चार दिवस त्या मुलाकडे सर्वांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला परत घेता आली नाही. त्याच्या घरी त्या चार दिवसांत काय बोलणे झाले असेल, तेही मला ठाऊक नाही. माझ्या हिशेबात देणेकरी एक मोठा दुकानदार होता. वास्तविक तो एक गरीब मुलगा होता. घराकडे परत येताना आजोबांचे शब्द आठवले. पहिल्या खेपेस माझे वीस रुपये दुसऱ्याच्या हाती होते, म्हणून मी उन्हातून गेलो. दुसऱ्या खेपेस दुसऱ्याचे पन्नास माझ्या हाती होते, म्हणून मला वाट लांब वाटली. अंतर रस्त्यात वाढले नव्हते. ते माझ्या मनातल्या मापात वाढले होते.

यावरून मला एक गोष्ट कळली. दोन मापे बाळगणारा मनुष्य खोटे बोलत नाही. तो फक्त उशीर करतो, गोळाबेरीज करतो, आणि नावे बदलतो. या तीन रीतींनीच बहुतेक सर्व दुटप्पी व्यवहार चालतो. त्यांचा एकेक दाखला पाहू.

उशीर कसा, तो तर आताच सांगितला. परंतु तो मजुरीच्या बाबतीत रोज पाहावयास मिळतो. खुरपणीला येणारी बाई सूर्य कासराभर वर आल्यावर आली, तर बांधावर उभे राहून आपण तिला दोन शब्द ऐकवितो. तीच बाई आठवड्याची मजुरी मागावयास दारी आली, तर "सुटे नाहीत, परवा ये" असे सहज सांगतो. तिचा अर्धा तास आपल्याला नुकसान वाटतो. आपले दोन दिवस तिला काहीच वाटू नयेत अशी आपली अपेक्षा असते. वास्तविक तिच्या चुलीला ते दोन दिवस वाट पाहता येत नाही.

गोळाबेरजेचा दाखला सर्व देशाने एकदाच पाहिला. १९५७ च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, व पैशाच्या तीन पै असत. आता रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आण्याला बरोबर सव्वासहा नये पैसे येत. पण पाव पैशाचे नाणे नव्हते! म्हणून ठरावीक कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ नये पैसे धरावे असे ठरले. आता पाहा: आण्याच्या वस्तूला कोणी सहाऐवजी सात नये पैसे घेतले, तर चार गिऱ्हाइकांमागे त्यास पंचविसांच्या जागी अठ्ठावीस मिळाले, आणि आण्याची मजुरी कोणी सहाच नये पैशांनी चुकविली, तर चार मजुरांमागे त्याचा एक पैसा वाचला. एवढ्याशा फरकासाठी कोण तंटा करणार? पण प्रश्न रकमेचा नाही. नैतिक प्रश्न असा की, अपूर्णांक प्रत्येक वेळी आपल्याच बाजूला का लवंडतो? नाणे बदलले, पाव पैशाचा तो तंटा कधीच विसरला गेला, पण "राहू द्या, एवढे काय!" हे वाक्य आपण अजूनही बोलतो. ते आपण देताना बोलतो की घेताना, एवढेच ज्याने त्याने पाहावे.

तिसरी रीत नावे बदलण्याची. ती सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तीत पैशाचा संबंध येत नाही. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा" ही म्हण आपण सर्व हसत हसत बोलतो. पण ती दोन मापांचीच म्हण आहे. आपण पैसा राखला तर ती काटकसर. शेजाऱ्याने राखला तर तो कंजूषपणा. आपण तोंडावर बोललो तर तो स्पष्टवक्तेपणा. दुसरा बोलला तर तो उद्धटपणा. आपली लेक सासरी मन मोकळे करून बोलली तर ती हुशार. आपली सून माहेरच्या वळणाने बोलली तर ती तोंडाळ. आपण सभेस उशिरा गेलो तर अडचण होती. दुसरा आला तर त्यास कदर नाही. मराठी भाषा इतकी संपन्न आहे की प्रत्येक कृतीसाठी तिच्यात दोन शब्द सापडतात, एक शीग चढविलेला व एक सपाट. आणि पहिला आपल्या घरासाठी राखून ठेवण्याची आपल्याला सवय झाली आहे. पंचायतीत, भाऊबंदकीत, सोयरिकीत जी भांडणे वर्षानुवर्षे चालतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा जमिनीचा तुकडा नसून हे दोन शब्द असतात.

येथे कोणी असा आक्षेप घेईल: "दोघांना एकच माप लावणे म्हणजे न्याय, हे खरे, पण गरिबाला व श्रीमंताला एकाच मापाने मोजणे हा न्याय कसा? विधवेच्या झोळीत सपाट माप टाकणारा मनुष्य प्रामाणिक असेल, पण तो चांगला आहे काय?" आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मला पुस्तकात न मिळता आजीच्या तोंडून ऐकलेल्या एका गोष्टीत मिळाले.

१९७२ च्या दुष्काळातील ही गोष्ट. त्या वर्षी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पुरेसा पाऊस पडला नाही. हजारो लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले, मुलांना सुकडी मिळे आणि स्वस्त धान्याच्या दुकानातून तांबडी मिलो घरोघरी येई. आमच्या घरात एके दिवशी तीही नव्हती. आजी शेजारणीकडे गेली व तिच्याकडून तिने दोन पायल्या जोंधळे उसने आणले. शेजारणीने पायल्या सपाट भरून दिल्या. पुढील साली पाऊस बरा झाला, पीक घरात आले, तेव्हा आजी दोन पायल्या भरून परत करावयास गेली, आणि तिने दोन्हींवर शीग चढविली. शेजारणीने पायली हाती घेतली, तळहाताने वरची शीग खाली पाडली, आणि म्हणाली, "मी तुला सपाट दिली होती. मग शीग लावून कशी घेऊ?"

आजी म्हणाली, "तू दिलीस तेव्हा तुझ्या कणगीचा तळ दिसत होता, मावशी. ती पायली सपाट नव्हती."

"दिसत होता म्हणूनच सपाट दिली ना? तेव्हा मला शीग देववली नाही. आता ती तुझ्याकडून घेऊ होय?"

त्या दोघी दारात बराच वेळ वाद घालीत राहिल्या. एक शीग चढवी, दुसरी पाडी. दोघींपैकी कोणीही मागे हटेना, आणि अखेर ओट्यावर सांडलेले ते दाणे कोंबड्यांनी खाल्ले. आजी ही गोष्ट सांगताना नेहमी शेवटी हसे. पण हसता हसता तिचा आवाज जड होई.

या गोष्टीत आक्षेपाचे उत्तर आहे. शेजारणीने देताना जे माप वापरले, त्याहून मोठे माप घेताना वापरण्याचे तिने नाकारले, हा न्याय. आजीने पायलीत केवळ दाणे मोजले नाहीत, देणारीच्या कणगीचा तळही मोजला, ही दया. न्याय म्हणतो, माप एकच असू दे. दया म्हणते, शीग तुझ्या बाजूला असू दे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. परंतु त्यांचा एक क्रम आहे, आणि तो क्रम उलटला की मोठा अनर्थ होतो. आधी माप खरे भरावे, मग शीग चढवावी. अपुऱ्या मापावर चढविलेली शीग ही दया नव्हे. ती फसवणूक झाकण्याचे झाकण आहे. जो मनुष्य मजुरांची मजुरी थकवून गावच्या कार्यास मोठी वर्गणी देतो, आणि टाळ्या वाजल्या की हात जोडून खाली बसतो, त्याने शीग चढविली ती मजुरांच्या दाण्यांची. जो घरच्या माणसांशी करड्या शब्दांनी बोलतो व परक्यांपुढे गोड होतो, त्याचाही व्यवहार तोच. खऱ्या मापावाचून औदार्य म्हणजे दुसऱ्याच्या राशीतून केलेले दान होय.

आता उपाय काय? "प्रामाणिक व्हा" एवढे सांगून काम भागत नाही. कारण वर सांगितल्याप्रमाणे दोन मापे बाळगणाराही स्वतःला प्रामाणिकच समजतो. आपल्या मनावर आपणच निरीक्षक नेमला, तर तो लवकरच आपला मित्र होतो. यास्तव उपाय असा पाहिजे की, जो मन बदलण्याची वाट न पाहता हाताला वळण लावील. असे दोन-तीन उपाय अनुभवाने मला उपयोगी वाटले आहेत, ते लिहितो.

दुसऱ्याचे जे आपल्याकडे आले असेल, मग ती उसनी वाटी असो, मागून आणलेले पुस्तक असो, अगर चुकून आलेली रक्कम असो, ते आपले दुसऱ्याकडे असते तर आपण जितक्या घाईने मागावयास गेलो असतो, तितक्याच घाईने पोचवावे. मोठा व धाकटा असा विचार करू नये. कारण पोचविण्यास उशीर झाला तर त्याचा भार कोणावर पडतो, हे आपणास येथून दिसत नाही. मला दिसले नव्हते.

मजुरी, मोबदला व आभार हे तिन्ही त्याच दिवशी द्यावे. उद्यापर्यंत ठेवल्यास त्यांचे वजन आपल्या काट्यावर कमी होते, व ज्यास ते मिळावयाचे त्याच्या काट्यावर वाढते.

कोणास नाव ठेवण्यापूर्वी तीच कृती आपल्या मुलाने केली असती तर आपण कोणता शब्द वापरला असता, तो आधी शोधावा, आणि मग तोच शब्द दुसऱ्याच्या मुलासाठी वापरावा. पुष्कळदा असे आढळेल की, बोलावयाचेच काही उरत नाही.

आणि शेवटचा उपाय आजोबांचा. तो मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता, पण त्याकडे माझे लक्ष गेले नव्हते. खळ्यावर कामाला आलेल्या बायकांना धान्य द्यावयाचे असे, तेव्हा आजोबा स्वतः पायली भरीत नसत. ते पायली त्या बाईच्या हाती देत आणि म्हणत, "तूच भर." आणि कोणी उसने धान्य परत करावयास येई, तेव्हाही ते पायलीस हात लावीत नसत, आणणाऱ्यालाच मोजावयास सांगून आपण दुसरीकडे पाहत बसत. मला वाटे, आजोबा थकले आहेत. घरातील कोणी एकदा तक्रार केली की, अमक्या बाईने दोन पायल्यांवर शीग चढवून नेली. आजोबा म्हणाले, "नेली असेल. तिच्या घरी खाणारी तोंडे सात आहेत." परंतु मी पाहिले आहे की बहुतेक बायका, माप आपल्या हाती आले म्हणजे, आजोबांनी केले असते त्याहून अधिक काळजीने काठ सारखा करीत. ज्याच्या हाती विश्वासाने माप दिले जाते, त्याचाही हात सावध होतो.

देताना माप घेणाऱ्याच्या हाती द्यावे, आणि घेताना देणाऱ्याच्या हाती राहू द्यावे. प्रत्येक व्यवहारात हे अक्षरशः करता येत नाही, हे मलाही कळते. दुकानदार आपला काटा गिऱ्हाइकाच्या हाती देणार नाही. पण निदान मनात एवढे करता येते की, आपण देणारे असू तेव्हा घेणाऱ्याच्या जागी उभे राहून माप पाहावे, आणि घेणारे असू तेव्हा देणाऱ्याच्या कणगीत एकदा डोकावून यावे.

आजोबांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांची पायली आमच्या घरी अजून आहे. तिचा काठ झिजला आहे, व आता तिने कोणी काही मोजीत नाही. कधी ती हाती घेतली म्हणजे मला त्यांचा "लाभ" ऐकू येतो, आणि त्याबरोबर पोत्यांकडे परत जाणारा तो मुलगाही दिसतो. पहिल्या पायलीचा लाभ कोणाचा, हा माझा प्रश्न होता. माप आपल्या हाती असताना जो लाभ दुसऱ्याच्या पदरात पडतो, तोच मोजण्यास आरंभ करण्याजोगा लाभ आहे, असे आता मला वाटते.